नांदेडहून बँकॉकला पहिल्यांदाच, ते पण मित्रांसोबत? मग पहिला दिवस असा काढा

गावाकडचे तीन-चार ग्रुप सध्या बँकॉकला निघायलेत आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, तिथं काय काय बघायचं. बघायच्या जागांच्या याद्या ढीगभर मिळतात, त्या मी देत बसत नाही. मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल, म्हणजे विमान उतरल्यापासून रात्री अंग टाकेपर्यंतचा वेळ, कारण आमचा तोच दिवस बिघडला होता आणि तो बिघडायचं काही कारण नव्हतं.

आम्ही पाच जण. दोघं नांदेडचे, एक परभणीकर, एक उदगीरकर आणि एक लोह्याचा, तो माळकरी. शाळेपासूनची दोस्ती, आजवर कधी मोठं भांडण नाही, आणि बँकॉकमध्ये उतरून सात तास होत नाहीत तर दोघं एकमेकांशी बोलेनात. त्या वेळी आम्हाला वाटलं की हे शहरच आपल्याला जमणार नाही, गर्दी, उकाडा, वास, भाषा, काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी पोटभर झोपून उठल्यावर तेच शहर लै आवडलं. तेव्हा कळलं की पहिल्या दिवशी आम्हाला शहर दिसलंच नव्हतं, आम्हाला आमचीच झोप, भूक, पैसे आणि नेट दिसत होतं. या चार गोष्टी घरी बसून ठरवून टाकल्या की डोळे शहर बघायला मोकळे राहतात. आता एकेक करून सांगतो.

घरी बसून करायची कामं

पासपोर्ट काढून बघा, प्रवासाच्या तारखेपासून पुढं कमीत कमी सहा महिने चालू असला पाहिजे. व्हिसाचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, पण हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, मित्राच्या मित्रानं सांगितलं यावर जाऊ नका. दुसरं, १ मे २०२५ पासून थायलंडला उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. हे ऑनलाइन भरायचं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि याला एक रुपया लागत नाही. थाई इमिग्रेशनच्या सरकारी साइटवरच भरा, कारण सर्च केलं की सेम दिसणाऱ्या साइट येतात आणि त्या फी मागतात. ग्रुपचं एकत्र पण भरता येतं, त्यामुळं एकानं सगळ्यांचे पासपोर्टचे फोटो घेऊन बसायचं आणि तासाभरात काम उरकायचं. हॉटेलचा पत्ता त्यात टाकावा लागतो, म्हणजे हॉटेल आधीच बुक झालेलं पाहिजे. भरून झाल्यावर जे येतं त्याची प्रिंट काढा आणि फोनमध्ये पण ठेवा, नेट नसताना उघडेल असं.

बँकेचं काम लै महत्त्वाचं. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम आला तेव्हापासून नव्या कार्डावर परदेशातला वापर बंद असतोय, तो आपल्याला ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतोय. आमच्या उदगीरकरानं हे केलंच नव्हतं. बँकॉकच्या विमानतळावर मशीनसमोर उभं राहून त्यानं चालू करायला घेतलं तर ओटीपी येईना, कारण सिमचं रोमिंग बंद. त्या एका गोष्टीत पाऊण तास गेला आणि सगळ्यांची डोकी तापली. तर कार्ड चालू करा, आणि आपल्या भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा, महागडा डेटा पॅक घ्यायची गरज नाही, फक्त मेसेज यायला पाहिजेत. फोनपे, गुगलपेवर तिथं विसंबून राहू नका.

रोख पैशाचं असं की आपल्या नोटा देशाबाहेर नेता येतात पण माणशी २५,००० रुपयांपर्यंतच. आम्ही थोडे डॉलर नेले होते. डॉलर नेले तर नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या आणि शंभराच्या असल्या पाहिजेत, लहान नोटांना तिथं भाव कमी मिळतो. थाई पैसा म्हणजे बाट, आणि एक बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या मधे धरून चाला, रोजच्या हिशोबाला तीननं गुणलं की पुरे, वर थोडे उरतातच.

आता कॉन्ट्रीचं. प्रत्येकानं सारखी रक्कम काढायची आणि एकाकडं द्यायची, टॅक्सी, पाणी, जेवण, रेल्वेचं तिकीट सगळं त्याच्याकडून. हा खजिनदार घरीच ठरवा. आम्ही म्हणलं, तिथं गेल्यावर बघू, आणि मग पहिल्या टॅक्सीपासून कुणी दिले, किती दिले, कुणाचे राहिले हेच चालू. दोस्तीत पैशाचं बोलायला संकोच वाटतो, मला पण वाटतो, पण आधी बोललेलं बरं असतंय.

तसंच एक जण रस्त्याचा मालक. नकाशा त्याच्याच हातात. पाच जण पाच फोन उघडून पाच दिशांना हात दाखवायलेत, असं चित्र तुम्ही कुठंही बघाल, तो ग्रुप अर्धा तास एकाच जागी असतो. रस्त्याच्या मालकाचं चुकलं तर चुकू द्या, दोनशे मीटर जास्त चालणं होईल, काही बिघडत नाही.

बॅगेत काय घ्यायचं ते थोडक्यात: आपल्या चार्जरच्या दोन गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, पण तीन जाड पिनांचा आपला प्लग बसत नाही, म्हणून एक युनिव्हर्सल ॲडॉप्टर घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, कुणाकडं असली तर घरीच ठेवायला लावा, आणि तंबाखू-गुटख्यावाल्या मित्राला आधीच सांगा की तिथं रस्त्यावर थुंकलं की दंड होतोय, दोन-दोन हजार बाटच्या पाट्या लावलेल्या आहेत. आमच्या घरच्यांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, त्याच्याबद्दल पुढं सांगतो, त्यानंच आम्हाला वाचवलं.

नांदेड ते विमान

आपल्याकडचे लोक एकतर देवगिरी किंवा तपोवननं मुंबई गाठतात नाहीतर गाडी करून हैदराबाद. माझं मत हैदराबादचं आहे. देगलूरवरून संगारेड्डीला हायवे जातोय, तिथून आऊटर रिंग रोडनं थेट शमशाबाद, शहरात शिरायची गरज नाही. पाच-सहा तास धरा आणि वर दोन तास फालतूचे धरा, कारण आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोहोचावं लागतंय. थेट विमान साडेतीन-चार तासात बँकॉकला टेकवतं.

पण इथंच खरी मेख आहे. आपल्याकडून जाणारी बरीच विमानं मध्यरात्री निघतात आणि पहाटे तिकडं उतरतात. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. म्हणजे तुम्ही सकाळी सहाला उतरलात तर अंगाच्या हिशोबानं ते साडेचार असतात, आधीचा अख्खा दिवस गाडीत गेलेला, रात्री विमानात मान अवघडलेली, आणि हॉटेल खोली देणार दुपारी दोनला. हे आठ तास फार अवघड असतात, आमची भांडणं यातच झाली. दोन उपाय आहेत. पैसे असतील तर आदल्या रात्रीपासूनच खोली बुक करा आणि हॉटेलला कळवून ठेवा की आम्ही सकाळी येणार आहोत. नाहीतर सरळ हॉटेलवर जा, बॅगा तिथं ठेवा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, तोंड धुवा, कपडे बदला आणि हलकं काहीतरी करा. थकलेल्या ग्रुपला मंदिर बघायला, बाजार करायला नेऊ नका.

विमानात शक्य तेवढं झोपा.

सुवर्णभूमीवर उतरल्यावर

बँकॉकला दोन विमानतळ, सुवर्णभूमी आणि जुना डॉन मुआंग, तिकिटावर बघून घ्या कुठला आहे. आम्ही सुवर्णभूमीवर उतरलो, हा २००६ मध्ये सुरू झाला. नाव वाचून आपल्याला वाटतं अरे हे तर आपलंच, पण टॅक्सीवाल्याला सुवर्णभूमी म्हणलं तर कळत नाही, ते लोक लिहितात सुवर्णभूमी आणि म्हणतात सुवन्नफूम. परत जाताना हे लक्षात ठेवा. तिथं समुद्रमंथनाचा भला मोठा देखावा आहे, मधे मंदर पर्वत, वर विष्णू, दोन्हीकडून देव आणि दानव वासुकीला ओढायलेत. तो येताना दिसत नाही, निघताना पासपोर्टची तपासणी ओलांडली की दिसतो, त्यामुळं येताना शोधत फिरू नका.

इमिग्रेशनची लाइन लांब असते. सगळ्यांनी एकाच लाइनीत एकामागं एक उभं राहा, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, पैसे सगळं हाताशी. फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. प्रश्न विचारले तर छोटं उत्तर द्या, किती दिवस, कुठं राहणार, बस. पाचही जणांना हॉटेलचं नाव पाठ पाहिजे. आमच्या एकाला ते आठवेना आणि तो मागं वळून आम्हाला ओरडून विचारायला लागला, तसं करू नका, तिथला माणूस मग जास्त वेळ घेतो.

बॅगा घेऊन बाहेर आलात की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असता. इथं थांबा. बाहेर पळायची घाई करू नका. आधी सिम घ्या. विमानतळावर कंपन्यांचे काउंटर असतात, पर्यटकांची पॅकेजं बोर्डावर लिहिलेली असतात, पासपोर्ट दिला की तेच सिम घालून चालू करून देतात. कमीत कमी दोघांकडं तरी सिम पाहिजे, माझं म्हणणं तर प्रत्येकाकडं पाहिजे, एकाच्या हॉटस्पॉटवर पाच जण राहिले की ग्रुपला दोरी बांधल्यासारखं होतं, कुणी दहा पावलं लांब गेला की तुटला.

मग पैसे. वरच्या मजल्यांवरच्या काउंटरवर भाव कमी मिळतो. लिफ्टनं सगळ्यात खाली बी मजल्यावर जा, जिथून शहराची रेल्वे निघते, तिथं रेल्वेच्या जवळ पैसे बदलायचे छोटे काउंटर आहेत, त्यांचा भाव बराच बरा असतो. दोन-तीन बोर्ड बघा आणि बदला. एटीएममधून काढाल तर प्रत्येक वेळेला दोनशेच्या वर बाट चार्ज लागतो, म्हणून सारखं सारखं थोडं थोडं काढू नका. आणि मशीननं विचारलं की रुपयात हिशोब करू का बाटमध्ये, तर बाट निवडा, रुपये निवडले की भाव तेच ठरवतात आणि आपलं नुकसान होतं.

विमानतळ ते हॉटेल

दोन रस्ते. एक, एअरपोर्ट रेल लिंक, बी मजल्यावरून. प्लास्टिकचं गोल टोकन मिळतं, आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना मशीनमध्ये टाकायचं. शेवटच्या फाया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाट आणि अर्ध्या तासाच्या आत. दोन, टॅक्सी, पहिल्या मजल्यावरून. मशीनमधून नंबरची चिठ्ठी निघते, त्या नंबरच्या जागेवर जाऊन बसायचं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतं, वर विमानतळाचे ५० बाट आणि टोलचे वेगळे. बसायच्या आधी फक्त मीटर एवढंच म्हणा आणि मीटरकडं बोट करा. पाच जण आणि पाच बॅगा एका साध्या टॅक्सीत बसत नाहीत, मोठी गाडी मागा नाहीतर दोन करा.

राहायला मी पहिल्यांदा जाणाऱ्यांना प्रातुनाम भाग सांगतो. रेल लिंकचं राच्चाप्रारोप स्टेशन जवळ, शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडचं. कपड्यांचा मोठा बाजार तिथंच, आणि भारतीय जेवणाची हॉटेलं पण तिथं चालत्या अंतरावर मिळतात. सुखुमवित पण चालतं. तिकडं गल्लीला सोय म्हणतात आणि गल्ल्यांना नंबर असतात, एका बाजूला सगळे विषम, दुसऱ्या बाजूला सगळे सम, आणि समोरासमोरचे नंबर जवळचे असतीलच असं नाही. हे माहीत नसलं की ११ च्या समोर १२ शोधत माणूस भर उन्हात फिरतोय. कुठंही राहा पण रेल्वे स्टेशनपासून चालत जाता आलं पाहिजे, बँकॉकची ट्रॅफिक संध्याकाळी अशी जाम होते की गाडीत बसून माणूस म्हातारा होईल.

रेल्वेत चढताना एक नियम आधीच ठरवून घ्या. दार बंद झालं आणि कुणी मागं राहिला तर जे आत आहेत त्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच थांबायचं, मागं राहिलेल्यानं पुढची गाडी धरून तिथंच यायचं. कुणी परत मागं जायचं नाही. आमचा परभणीकर असाच राहिला, त्याच्याकडं सिम नव्हतं, आम्ही त्याला घ्यायला मागं गेलो आणि तो आम्हाला शोधायला पुढं गेला, एक तास दोन्हीकडून शोधाशोध. शेवटी तो एका स्टेशनवाल्या बाईंना हॉटेलचं कार्ड दाखवून हॉटेलवर येऊन बसला. म्हणून हॉटेलवर पोहोचल्यावर पहिलं काम, काउंटरवरून थाई लिपीत पत्ता असलेलं कार्ड प्रत्येकानं खिशात घालायचं. काही हॉटेलं रोख डिपॉझिट घेतात, पावती जपून ठेवा, निघताना परत मिळतं.

बाहेर पडल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं

उकाडा. आपण नांदेडचे, मे महिन्यात ४३-४४ बघितलेले, आपल्याला काय उकाड्याचं, असं आम्हाला वाटलं होतं. पण आपलं ऊन कोरडं, सावलीत गेलं की बरं वाटतं. तिथं पस्तीसलाच घाम सुटतो आणि तो वाळतच नाही, सावलीत पण तसंच. आणि दुकानात, रेल्वेत एसी एवढा की थंडी वाजते. आत-बाहेर, आत-बाहेर करून पहिल्याच दिवशी डोकं धरतं. पाणी पित राहा, नळाचं नाही, बाटलीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर हे बरंच कमी असतं.

दुसरा वास. रस्त्याच्या कडेला सगळीकडं गाडे, मासे भाजायलेत, डुकराचं मांस लटकतंय, माशाच्या सॉसचा वास नाकात बसतो. शाकाहारी माणसाला पहिल्या तासाला हे अवघड जातं, आमच्या माळकऱ्यानं तर नाकाला रुमाल लावला. त्याला कुणी हसू नका आणि त्यानं पण लोकांच्या ताटाकडं बघून तोंड वाकडं करू नये, ते त्यांचं रोजचं जेवण आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. एवढी ट्रॅफिक आणि हॉर्न जवळजवळ नाही. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळं रस्ता ओलांडताना सवय मोडत नाही. आम्ही चौकात उभं राहिलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, मग लक्षात आलं की आवाजच नाही.

आणि मग हळूहळू ओळखीच्या गोष्टी दिसायला लागतात. मोगऱ्याच्या माळा, अगदी आपल्या गजऱ्यासारख्या, टॅक्सीच्या आरशाला, बोटीच्या टोकाला बांधलेल्या. प्रत्येक इमारतीसमोर खांबावर छोटं देवघर, त्यात वास्तूच्या रक्षकदेवाला फुलं, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली, ती पण स्ट्रॉ घालून ठेवलेली. गाड्यावर पेरू, कापून, वर तिखट-मीठ. पेरूला ते लोक फरंग म्हणतात आणि गोऱ्या परदेशी माणसाला पण फरंगच म्हणतात. नमस्कार हात जोडूनच करतात, तोंडानं सवादी म्हणतात, तो शब्द आपल्या स्वस्तिवरून आलेला. त्यांच्या राजांना राम म्हणतात, पहिला राम, चौथा राम, आणि रस्त्यांना पण तीच नावं. बँकॉक हे नाव ते स्वतः बोलताना वापरत नाहीत, ते म्हणतात क्रुंग थेप, म्हणजे देवांचं शहर. हे सगळं वाचून गेलो असतो तर पहिल्या सकाळी एवढं परकं वाटलं नसतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथं लिहितोय.

पहिलं जेवण

पहिलं जेवण नवं काही करून बघायसाठी नसतं, पोट शांत करायसाठी असतं. आम्ही उलट केलं, उपाशीपोटी चार हॉटेलं फिरलो, प्रत्येक ठिकाणी माळकऱ्यासाठी विचारलं, प्रत्येक ठिकाणी मान हलवली आणि ताटात कोळंबी निघाली. तिथं भाजीत सुद्धा माशाचा किंवा शिंपल्याचा सॉस पडतो आणि त्यांच्या दृष्टीनं ती भाजीच असते, कुणी फसवत नाही. शेवटी हॉटेलच्या पायरीवर बसून धपाटे आणि चटणी उघडली. पाच जणांनी मिळून खाल्लं आणि मग कुठं बोलणं सुरू झालं. तर धपाटे नक्की न्या, पहिल्याच दिवशी संपवा, त्या हवेत टिकत नाहीत. ताजी फळं आणि मांस-मटण मात्र सोबत नेऊ नका.

माळकरी, जैन, पक्के शाकाहारी यांनी एक शब्द पाठ करायचा, जे. हा थाई शब्द आहे, पक्क्या शाकाहारी जेवणाचा. ‘किन जे’ म्हणजे मी ‘जे’ जेवण खातो. या जेवणात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूण पण नसतो. असली दुकानं ओळखायची खूण म्हणजे पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, आणि ती अक्षरं आपल्याला इंग्रजी १७ सारखी दिसतात. पिवळा झेंडा, लाल १७, विसरू नका. माशाचा सॉस नको असेल तर मै साय नाम प्ला, तिखट नको तर मै फेत. पुरुषानं वाक्याच्या शेवटी ख्राप लावायचं, बाईनं खा, मग बोलणं आदरानं होतं. धन्यवाद म्हणजे खोप खुन ख्राप. एवढ्यावर समोरचा माणूस खुश होऊन दोन पावलं पुढं येऊन मदत करतो, हे मी पाचही दिवस बघितलं.

अडलं तर सेवन-इलेव्हन, दर गल्लीत एक, चोवीस तास उघडं. केळं एकेक सुटं मिळतं, दही, ब्रेड, पाणी सगळं मिळतं.

आणि आपल्या नांदेडकरांसाठी खास. फाहुरात म्हणून भाग आहे, तिथला भारतीय बाजार, कापडाची दुकानं. तिथं सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे, श्री गुरू सिंग सभेचा. मेट्रोच्या साम योत स्टेशनला उतरून चालत जाता येतं. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, डोक्याला रुमाल बांधला, मत्था टेकला आणि लंगरमध्ये पंगतीत बसलो. डाळ, पोळी, भाजी. आम्ही नांदेडचे म्हणल्यावर वाढणाऱ्या एका आजोबांनी हात जोडले आणि हुजूर साहिब म्हणाले, परक्या मुलखात आपल्या गावाचं नाव असं घेतलेलं ऐकून आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यात पाणी आलं. माळकरी पोटभर जेवला. तुम्ही पहिल्याच दिवशी जा.

दुपार आणि संध्याकाळ

खोली मिळाली की दोन तास झोपा, अलार्म लावून. रात्रीपर्यंत झोपू नका नाहीतर दुसरा दिवस पण जातो.

संध्याकाळी नदीवर जा. राजवाडा पहिल्या दिवशी नको, तिथं सकाळी लवकर गेलेलं बरं, आणि फुल पँट, बाह्या असलेला शर्ट लागतो, हाफ पँटवाल्याला आत सोडत नाहीत. कुणी गेटबाहेर येऊन गोड बोलून सांगितलं की आज राजवाडा बंद आहे, चला तुम्हाला स्वस्तात दुसरीकडं फिरवतो, तर नमस्कार करून पुढं चालायचं, तो टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, तुम्हाला खड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानात नेऊन सोडतो. ही तिथली जुनी फसवणूक आहे.

नदीसाठी स्कायट्रेननं सफान ताक्सिनला उतरा, खालीच साथोर्नचा धक्का आहे. पर्यटकांच्या महागड्या बोटीऐवजी केशरी झेंड्याची बोट धरा, तीच रोज कामाला जाणारे लोक वापरतात आणि तिकीट अगदी किरकोळ. उभं राहून जा, वारा लागतो. चाओ फ्राया नदी आपल्या गोदावरीसारखी शांत नाही, सारखी हलत असते, मालाच्या बोटी, शाळेची पोरं घेऊन जाणाऱ्या बोटी. डाव्या हाताला वाट अरुण येतं, थाईत वाट म्हणजे मंदिर आणि अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. सूर्य त्याच्या मागं जातो तेव्हा आमच्यातलं कुणीच बोललं नाही, जे दोघं दुपारपासून अबोल होते ते एकमेकांच्या फोनमध्ये फोटो बघायला लागले. समोरच्या काठावर वाट फो, तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, ते मात्र दुसऱ्या दिवशी निवांत बघा.

थोड्या गोष्टी कायम लक्षात ठेवा. राजाबद्दल, राजघराण्याबद्दल चेष्टेत पण काही बोलू नका, फार कडक कायदा आहे आणि शिक्षा तुरुंगाची आहे. नोटेवर राजाचा फोटो असतो, नोट पडली तर पायानं दाबून धरू नका. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, पाय बुद्धाकडं करून बसायचं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही. अडचण आली तर टुरिस्ट पोलीस ११५५, ते इंग्रजी बोलतात. ॲम्ब्युलन्स १६६९. आपला दूतावास सुखुमवित सोय २३ मध्ये आहे. हे सगळं प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा, फक्त एकाच्या नाही.

रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं पाचही जण एका खोलीत बसा. खजिनदारानं दिवसाचा हिशोब वाचून दाखवायचा. पासपोर्ट मोजायचे, लॉकरमध्ये टाकायचे, फिरताना झेरॉक्स पुरते. उद्या कुणाला काय बघायचंय ते विचारायचं, आणि कुणाला एकट्यानं फिरायचं असेल तर जाऊ द्यायचं, ग्रुप म्हणजे चोवीस तास चिकटून राहणं नाही. घरी एक फोन करा, आईला सांगा जेवलो म्हणून.

आणि सकाळी आठच्या सुमारास स्टेशनवर असाल तर अचानक गाणं वाजेल आणि आजूबाजूचे लोक जागच्या जागी थांबतील. घाबरू नका, ते त्यांचं राष्ट्रगीत आहे, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला रोज वाजतं. तुम्ही पण थांबा, फोन खाली घ्या, संपलं की सगळे चालायला लागतात, त्यांच्याबरोबर चालायला लागा.